तपासणीचे पथक माजघरात शिरते तेव्हा: प्लेगच्या पुण्यावर तीन विषयांचा एक वर्ग

कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला दोन क्रेडिटचा आंतरविद्याशाखीय पेपर ठेवायचा आहे. तासिका ३०, गुण ५०. शिकवायला तिघे आहेत: इतिहासाचे, मराठीचे आणि भूगोलाचे शिक्षक. हिशेबासाठी वर्ग ४० जणांचा धरू. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशी वेळ राज्यातल्या अनेक महाविद्यालयांवर आली आहे आणि तिच्यावरचा तोडगाही जवळपास ठरून गेला आहे, तो म्हणजे तासिकांचे तीन समान वाटे. प्रत्येक जण आपले दहा तास घेतो, प्रश्नपत्रिकेत प्रत्येकाचा एक भाग येतो. विषयांची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते, आणि ते आपले काम आहे हे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

इथे मांडलेल्या प्रकरणात त्याच ३० तासिका एका प्रश्नाभोवती बांधल्या आहेत. मार्च ते मे १८९७ या काळात पुण्यातल्या कित्येक घरांना प्लेगइतकीच, किंबहुना जास्त, भीती प्लेगच्या बंदोबस्ताची का वाटली?

प्रश्न निवडताना एक कसोटी लावावी. तिघांपैकी एक विषय काढून घेतला तर उत्तर लंगडे पडते का, हे पाहावे. इथे ते पडते. इतिहास काढला तर कायदा, कमिटी आणि तारखा जातात. भाषा काढली तर अहवालातली आणि वर्तमानपत्रांतली बाजू वाचताच येत नाही. भूगोल काढला तर पेठ, वाडा आणि वस्ती यांतला फरक दिसत नाही, मग ‘पुण्याचे लोक’ असा एकच गोळा उरतो. ‘प्लेगचा पुण्यावर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न मात्र या कसोटीला उतरत नाही. त्याचे उत्तर इतिहासाचा माणूस एकटा देऊन मोकळा होतो.

पहिल्या चार तासिका: चिठ्ठ्या

सुरुवात व्याख्यानाने करू नये. पाच-पाच जणांचे आठ गट करावेत आणि प्रत्येक गटाला तारखा नसलेल्या दहा चिठ्ठ्या द्याव्यात. एका चिठ्ठीवर एकच घटना. यर्सिन आणि कितासातो हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध लावतात (१८९४). मुंबईत मांडवीला डॉ. अकॅशिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना प्लेगचा रुग्ण आढळतो (सप्टेंबर १८९६). जंतुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतात (जानेवारी १८९७). साथरोग कायदा येतो (४ फेब्रुवारी १८९७). मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने जातात (९ फेब्रुवारी). सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात खास प्लेग कमिटी बसते (मार्च). सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता जातात (१० मार्च). लष्कराच्या मदतीने घरझडती सुरू होते (१३ मार्च). ती मोहीम संपते (१९ मे). फ्रेंच डॉक्टर सिमाँ कराचीत प्लेगशी उंदरावरच्या पिसवेचा संबंध दाखवतात (१८९८).

गटाने आधी नुसता क्रम लावायचा आणि मग प्रत्येक दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ‘म्हणून’, ‘तरीही’ किंवा ‘संबंध नाही’ यांपैकी एक शब्द लिहायचा. वेळ ३५ मिनिटे. शिकण्याजोगे जे काही आहे ते या मधल्या शब्दांत आहे.

दोन चुका हमखास होतात. पहिली, सावित्रीबाईंचा मृत्यू घरझडतीच्या नंतर लावला जातो, कारण मुलांच्या मनात दोन्ही गोष्टी ‘रँडच्या जुलमाचा काळ’ या एकाच कप्प्यात असतात. प्रत्यक्षात त्या गेल्या तेव्हा घरझडतीला तीन दिवस अवकाश होता. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला होता आणि रुग्णांना तिथे नेण्याचे काम त्या करत होत्या. घरातला रोगी घराबाहेर, दवाखान्यात नेणे हेच त्या वेळी कुणासाठी सेवा होती आणि कुणासाठी अत्याचार. ही एक तारीख नीट लागली तर पुढचा सगळा प्रश्न मुलांच्या हाती येतो.

दुसरी चूक सिमाँच्या चिठ्ठीची. प्लेग उंदीर आणि पिसवांमुळे पसरतो हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते, म्हणून ती चिठ्ठी सगळ्यात वर जाते. १८९७ च्या मार्चमध्ये हे ज्ञान ना कमिटीकडे होते ना वाड्यातल्या माणसांकडे. सिमाँच्या म्हणण्यावरही बरीच वर्षे फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. हे ध्यानात घेतले नाही तर दोन्ही बाजू मूर्ख ठरतात आणि वर्ग तिथेच संपतो.

२२ जूनची, म्हणजे रँडवर गोळ्या झाडल्या गेल्याची, चिठ्ठी पहिल्या दिवशी देऊ नये. ती गोष्ट मुलांना आधीच पाठ असते, आणि ती टेबलावर आली की मार्च, एप्रिल आणि मे हे तिची नुसती प्रस्तावना होऊन बसतात.

कायदा आणि दवाखाना: पाच तासिका

१८९७ चा साथरोग कायदा मुळात चार कलमांचा आहे. एका तासिकेत तो शब्दन् शब्द वाचून होतो, आणि तसाच वाचावा. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार मिळतो. तिसऱ्याने आज्ञाभंगाला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालची शिक्षा लागू होते. चौथ्याने सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा चालत नाही. विद्यार्थ्यांनी फक्त दोन रकाने भरायचे: सरकार काय करू शकते, आणि नागरिक काय करू शकतो. दुसरा रकाना कोराच राहतो. तो कोरा का राहतो याची चर्चा इतिहासाच्या शिक्षकांनी घ्यावी आणि हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू झाला होता हे त्याच वेळी सांगावे. २०२० च्या दुरुस्तीत आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा आल्या. पण मूळ अधिकाराची मांडणी तीच राहिली.

दवाखान्याच्या बाजूला जीवशास्त्राचे शिक्षक एका तासिकेपुरते बोलवावेत. त्यांनी एवढेच नीट समजावायचे: गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवेतून येतो, फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाकडे जातो. तेव्हा रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना वेगळे काढणे हा उपाय दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो आणि पहिल्याला फार थोडा. कमिटीचा भर माणसे शोधण्यावर, घरे धुण्यावर, चुना फासण्यावर आणि सामान जाळण्यावर होता. घर धुतले की उंदीर मरतो असे नाही, तो शेजारच्या घरात जातो. हे कळल्यावर मुलांना मोहीम ‘चुकीची’ होती असे म्हणण्याची घाई होते. इथे तासिका थांबवून फळ्यावर तारीख लिहावी, १३ मार्च १८९७, आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर तुम्ही काय ठरवले असते ते तीन ओळींत लिहायला सांगावे.

शब्द: सहा तासिका

मराठीच्या शिक्षकांचा वाटा म्हणजे प्लेगवरच्या कविता आणि कथा, असा समज असतो. तो सोडून द्यावा. साहित्य सजावटीसाठी आणले की मराठीचा तास विश्रांतीचा होतो. या प्रश्नात भाषेचे काम पुरावा तपासण्याचे आहे.

पहिला शब्द रोगाच्या नावाचा. त्या काळच्या मराठीत प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. त्याच वेळी ‘मरी’ हा जुना शब्दही लोकांच्या तोंडी होता. ‘सन्निपात’ म्हटले की तिन्ही दोष एकदम बिघडल्याची वैद्यकाची कल्पना आली. ‘मरी’ म्हटले की देवीचा कोप आला, गावाच्या वेशीवरचा विधी आला. ‘प्लेग’ म्हटले की जंतू आला, सरकारी तपासणी आली. नाव घेतल्याबरोबर कारण ठरते, आणि कारणाबरोबर उपायही. प्रत्येक गटाने एका शब्दावर अर्ध्या पानाची टीप लिहायची: कोण वापरतो, कुणाशी बोलताना, आणि तो वापरल्यावर कोणता उपाय साहजिक वाटतो.

दुसरे काम प्लेग कमिटीच्या अहवालाचे. स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, अशा आशयाचे समाधान त्यात व्यक्त झाले आहे. हे वाक्य फळ्यावर लिहून एकेक विशेषण झाकावे. ‘हेतुपुरस्सर’ काढा, अर्थ काय होतो? ‘विश्वासार्ह’ काढा, मग काय होतो? विश्वासार्ह कोण ठरवणार? आणि तक्रार करायला कुणी पुढे आले असते तर तिचे नाव चारचौघांत आले नसते का? एवढे झाले की गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्रकरण घ्यावे. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पत्रे लिहिणारे पुढे येईनात, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळातल्या व्यवस्थेवर वृत्तपत्रात पत्र लिहून तक्रार केली होती आणि सरकारने ती फेटाळली. सिद्ध न होणे आणि न घडणे यांत अंतर आहे, तसेच सांगितले जाणे आणि घडणे यांतही आहे. दोन्ही अंतरे शाबूत ठेवून लिहायला शिकणे हे या पेपरातले सर्वांत अवघड कौशल्य आहे असे आमचे मत आहे. त्यासाठी दोन तासिका कमीच पडतात.

वाडा: सहा तासिका

हा भाग सावकाश घ्यावा.

प्रत्येक गटाला ए-थ्री आकाराचा कागद, पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली. पेठेतल्या एका दोन चौकी वाड्याचा ढोबळ आराखडा काढायचा: दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, दुसरा चौक, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, मागचे परसू आणि वरची माडी. कसबा किंवा शुक्रवार पेठेत जाऊन एक उभा वाडा पाहता आला तर उत्तम. दहाहून अधिक जण एका वेळी नेऊ नयेत आणि राहत्या माणसांची परवानगी आदल्या आठवड्यात घ्यावी.

मग रंग. परका पुरुष जिथवर येऊ शकतो ते हिरवे. घरचा पुरुष वावरतो पण परका नाही, ते पिवळे. सोवळ्याशिवाय किंवा घरच्या बायकांशिवाय कुणी जात नाही, ते लाल. हिरवा रंग बहुधा ओसरीशी संपतो. आता तपासणी पथकाची वाट शिसपेन्सिलीने काढायची. वस्तीला वेढा पडला आहे, पथक दारातून आत आले आहे, आजारी माणूस लपवला असेल या संशयाने प्रत्येक खोली बघणार आहे. रेघ पिवळ्यात शिरते तिथे एक फुली, लालमध्ये शिरते तिथे दोन. फुल्या मोजायच्या. बूट घातलेला सैनिक देवघराच्या उंबऱ्यावर उभा राहतो ते ठिकाण कागदावर येते तेव्हा ‘लोकांच्या भावना दुखावल्या’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य पुरत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. पथकाच्या हिशेबात तिथे दहा खोल्या होत्या. घरच्यांच्या हिशेबात ओसरीच्या पुढे पाहुण्यासाठी वाटच नव्हती.

इथे थांबले तर मात्र मोठी चूक होते. वाडा हे पुण्यातल्या एका वर्गाचे घर. म्हणून दुसरा कागद लगेच द्यावा: एका खोलीचे बिऱ्हाड, चूल त्याच खोलीत, नहाणी दाराबाहेर. पुन्हा तेच रंग भरायला सांगावे. हिरवा, पिवळा आणि लाल एकमेकांवर येतात आणि फुल्या मोजता येत नाहीत. मग इथे बंदोबस्ताची भीती कशाची? अंथरूण-पांघरूण जाळले तर दुसरे नाही. कर्ता माणूस विलगीकरणाच्या छावणीत गेला तर रोजचा पगार बुडाला. रिकाम्या घराला राखण नाही. भीती तेवढीच, पण तिची कारणे वेगळी. भूगोलाच्या शिक्षकांनी हा दुसरा कागद आग्रहाने भरून घ्यावा, कारण वर्तमानपत्रांतून आलेला राग बहुतांश पहिल्या कागदावरच्या माणसांचा आहे. त्या रागाने दुसऱ्या कागदावरच्या माणसाची भीती झाकली जाते.

लोखंडे आणि सावित्रीबाई यांच्या चिठ्ठ्या इथे पुन्हा बाहेर काढाव्यात. सत्यशोधक परंपरेतली ही माणसे रोग्याच्या बाजूने उभी होती आणि रोग्याला दवाखान्यात नेत होती. टिळकांनीही पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारायला पुढाकार घेतला होता. विरोध उपचाराला नव्हता, रीतीला होता असे सरसकट म्हणण्याचा मोह इथे होतो. गटांना विचारावे, कुणाचा विरोध?

आकडे: चार तासिका

एकच उदाहरण पुरते. लष्करी छावणीसह पुणे शहराची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत १,६१,३९० आणि १९०१ च्या जनगणनेत १,५३,३२० होती. घट ८,०७०, म्हणजे पाच टक्के. ‘प्लेगमध्ये ८,०७० लोक मेले’ हे वाक्य दहा मिनिटांत कुणीतरी लिहितेच. ते पुसू नये, वर्गाकडून खोडून घ्यावे. हा फरक निव्वळ आहे: जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे सगळे त्यात आले. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ आहे. प्लेग एकदा येऊन गेला नाही, पुढची बरीच वर्षे परत परत येत राहिला. शिवाय १९०१ ची शिरगणती १ मार्चची. साथीच्या हंगामात गावाबाहेर गेलेली माणसे त्या रात्री कुठे मोजली गेली असतील? आणि मुळात, झडतीच्या भीतीने रोगी लपवले जात होते, मृत्यू दडवले जात होते. म्हणजे आपला मूळ प्रश्नच आकड्याच्या आत शिरलेला आहे. भीती जितकी जास्त, तितका आकडा कमी.

मानव्यविद्येच्या मुलांना आकड्यांची धास्ती असते. वजाबाकी आणि टक्केवारीपुढे जाऊ नये. शंका नेमक्या जागी घ्यायला शिकवणे एवढेच इथे साधायचे आहे.

२२ जून

आता ती चिठ्ठी द्यावी, लेखनाच्या पाच तासिकांपैकी पहिल्या तासिकेला. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झाला, ती आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली. मोहीम १९ मेलाच संपली होती. मग महिन्याभराने गोळी का? यावर वाद होऊ द्यावा, निकाल देऊ नये.

पुढची तासिका ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्याची, आणि ती मराठीच्या शिक्षकांची. लेख मराठी, खटला इंग्रजीत, नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय. त्यांच्यापुढे भाषांतर होते. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी १८ महिन्यांची शिक्षा झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ प्रेमाचा अभाव असा सांगितला. त्या एका शब्दासाठी असंतोष, अप्रीती, द्रोह, नाराजी या चारांपैकी एक निवडून त्याचे समर्थन चार ओळींत लिहायचे. नाराजी हा गुन्हा असेल तर दोन्ही कागदांवरची सगळी माणसे आरोपी होतात. पुढच्याच वर्षी कायद्यातले राजद्रोहाचे हे कलम दुरुस्त करून त्यात द्वेष आणि तिरस्कार हे शब्द आले, हे शेवटी सांगावे.

गुण, आणि जिथे गाडी अडते

घटनाक्रम ५, शब्दटीप १०, दोन्ही आराखडे १०, अंतिम लेख २०, तोंडी ५. अंतिम लेख ८०० शब्दांचा, मूळ प्रश्नाचे उत्तर देणारा. अट एकच: एक दस्तऐवज, एक आराखडा आणि एक आकडा असे तिन्ही त्यात हवेत, आणि किमान एके ठिकाणी दोन पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत हे दाखवलेले हवे. ही शेवटची अट नसेल तर तीन परिच्छेद येतात, प्रत्येक विषयाला एक, आणि तीन वाट्यांचा जुना आजार विद्यार्थ्याच्या वहीत परत येतो.

तपासणीतही तोच धोका आहे. इतिहासाचे शिक्षक तारखेचे गुण कापतात, मराठीचे शुद्धलेखनाचे, भूगोलाचे नकाशाला दिशा नाही म्हणून. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच तीन लेख निवडून तिघांनी ते स्वतंत्रपणे तपासावेत आणि २० पैकी गुणांत चारपेक्षा जास्त फरक पडला तिथे बसून बोलावे. साधारण दीड तास लागतो. हा दीड तास वाचवला तर पुढचे सगळे निकाल तीन वेगळ्या पट्ट्यांनी मोजले जातात.

सगळ्यात मोठी अडचण कार्यभाराची. दोन शिक्षक एका वर्गात उभे राहिले तरी तासिका बहुधा एकाच्याच नावावर लागते. म्हणून सगळे तास एकत्र घेण्याचे स्वप्न बघू नये. पाचच तासिका एकत्र घ्याव्यात: चिठ्ठ्यांची पहिली, वाड्याच्या दोन आणि शेवटच्या दोन. या पाच जागी एका विषयाचा माणूस दुसऱ्याच्या उत्तरावर शंका घेताना मुलांना दिसायला हवा. बाकीच्या २५ मध्ये प्रत्येकाने आपल्या तासिकेच्या शेवटी फळ्याच्या एका कोपऱ्यात पुढच्या शिक्षकासाठी एक प्रश्न लिहून ठेवावा. तो पुसायचा नाही असे वर्गाला सांगून ठेवावे.

पुण्याबाहेरच्या महाविद्यालयांनी वाड्याच्या जागी आपल्या गावातले जुने घर घ्यावे. नाशिक, सातारा, कोल्हापूर, मुंबई सगळीकडे प्लेग येऊन गेला आहे आणि गावाबाहेर राहुट्या ठोकून राहिल्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. स्थानिक दप्तरात मोडी कागद निघाले तर मोडी वाचणारा माणूस आधी शोधावा, तासिका नंतर लावावी.